मंदा साहेबांना ‘नाही’ म्हणाली

प्रिय अण्णा,

काल नागापूरला आपल्या कंपनीत एक बाई साहेबांच्या तोंडावर ‘नाही’ म्हणाली, आणि तिची नोकरी शाबूत आहे! हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण कंपनीतली बातमी आधी तुम्हालाच सांगावीशी वाटते.

मी तिथे काय करत होते, असं विचाराल. लेथवर उभं राहून तुम्ही मला कॉन्व्हेंटमध्ये शिकवलंत ना, ते इंग्रजी अजून कामाला येतंय. शेठच्या मुलांनी कंपनी जर्मन लोकांना विकली. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी तिथल्या बैठकांत दुभाषी असते. जर्मन साहेब इंग्रजीत बोलतात, मी ते कामगार बायकांना मराठीत सांगते.

शेठ आठवतात? माझ्या लग्नाला आले, तेव्हा तुम्ही शेजारून त्यांच्यासाठी गादीची खुर्ची आणली होतीत. “कंपनी म्हणजे आपलं घर,” म्हणायचे ते. मग त्याच घरात तुमची रजा रद्द व्हायची, पाळी बदलायची, आणि तुम्ही मान खाली घालून ऐकायचात. राग निघायचा तो घरी, आमटीवर! आईनं काय केलं होतं हो? एकदा तरी शेठना बोलायचं होतंत, अण्णा.

तुमचा नातू निखिल अमेरिकेत आहे. मागे त्याला त्याच्या कंपनीनं शुक्रवारी दुपारी फोनवर सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. मी म्हटलं, “अरे, भांड की!” तर म्हणतो, “आई, इथे असंच असतं. मीसुद्धा उद्या त्यांना असाच सोडून जाऊ शकतो.” त्याला दुसरी नोकरी मिळाली, पण मला ते अजून पटलेलं नाही. एकेका देशाची एकेक तऱ्हा!

तर आता कालची गोष्ट. जुळणी विभागातल्या बायकांना साहेबांनी गेल्या आठवड्यात सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून त्यांना आलटून-पालटून दुसरी पाळीही करावी लागेल. सगळ्या गप्प. साहेब ‘धन्यवाद’ म्हणाले आणि उठले.

बाहेर आल्यावर मात्र मंदाचा तोल सुटला. ती लांब देवळाली प्रवऱ्याहून येते.

“रातच्या अकराला सुटून घरी जायचं कशानं? कंपनीची गाडी तर पहिल्या पाळीलाच हाय. पंख लावू का?”

“मग आत का न्हाई बोललीस?” दुसरी म्हणाली.

“तू बोललीस व्हय गं? अन् इचारलं कुनी?” मग हळूच म्हणाली, “घरचे म्हनत्यात, काम सोड. एकदा सुटलं की मला पुन्हा कोन घेतंय?”

काल पुन्हा बैठक झाली, ठरलेलं पक्कं करायला. आपल्याकडचे एक अधिकारी म्हणाले, “सर, सगळ्यांची संमती आहे.” साहेबांनी बायकांकडे पाहिलं. पुन्हा तीच शांतता. मंदा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. आणि मला तुम्ही दिसलात, अण्णा. तुमची ती खाली घातलेली मान!

मी साहेबांना म्हटलं, “सर, माझे वडील याच कंपनीत होते. सगळी नोकरी ते असेच गप्प बसले. पण रजा रद्द होणं, पाळी बदलणं, यातली एकही गोष्ट त्यांना मान्य नव्हती.”

“मॅडम, तुम्ही फक्त भाषांतर करा,” अधिकारी म्हणाले.

“तेच करतेय!” मी म्हटलं.

साहेब चक्रावले. म्हणाले, त्यांच्याकडे जर्मनीत ज्याला हरकत असते तो टेबलावर हात आपटून सांगतो. जो बोलत नाही, त्याला मान्य आहे असं धरतात. आणि तिथे कामगारांनी निवडलेल्या मंडळाचा होकार असल्याशिवाय पाळी बदलताच येत नाही. हे मी बायकांना सांगितलं मात्र, मंदा उभीच राहिली.

“म्हंजी तिकडं आधी इचारत्यात?”

“हो.”

“मालक तेच ना? मग आमाला का न्हाई?”

मी ते जसंच्या तसं साहेबांना सांगितलं.

“मग त्यांना सांगा बाई, न्हाई. गाडी असल्याबिगर दुसरी पाळी न्हाई!”

अण्णा, काय आवाज होता तिचा! साहेबांनी पाळीचा बेत तिथेच थांबवला. आधी गाडीची सोय. आणि यापुढे पाळी बदलायची तर बायकांनी निवडलेल्या दोघी बैठकीत बसतील, त्यांच्याशी बोलल्याशिवाय काही ठरणार नाही. मी हे सांगितलं, तर मंदा माझ्याकडे डोळे बारीक करून बघते. “खरंच म्हनला का तो, का तुमच्या मनचं सांगताय?” सगळ्या हसल्या. मी तर हसता हसता रडायलाच लागले.

हे साहेब शेठसारखे कुणाच्या लग्नाला यायचे नाहीत. न येवोत! विचारतील तरी.

तुमच्यावर मी किती चिडायचे, नाही? तुम्हाला बोलता येत नव्हतं असं थोडंच होतं! शेठनी कधी विचारलंच नाही, हे मला इतक्या उशिरा कळावं?

पुढच्या बैठकीला निवडलेल्या दोघींपैकी एक मंदाच असणार, हे नक्की. मी त्यांच्या शेजारी बसेन. शब्द देते, अण्णा, त्या जेवढ्या ठसक्यात बोलतील, तेवढ्याच ठसक्यात मी ते साहेबांपर्यंत पोचवेन.

तुमची,
शैलू