गाईडशी सुसंवाद

३ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. पीएचडीवाल्याने रोजचं काम लिहून ठेवावं, असं सर, म्हणजे माझे गाईड, म्हणाले होते. पाच वर्षांपूर्वी. फार उशीर झालेला नाही.
मुदतवाढीचा फॉर्म आणला. तीस तारखेच्या आत सरांची सही घेऊन द्यायचा, नाहीतर रजिस्ट्रेशन रद्द. सही काय, दोन सेकंदांचं काम. पाच वर्षांत सरांना भेटलो चारदाच. शेवटचं चौदा महिन्यांपूर्वी, "पंधरा दिवसांत तिसरं प्रकरण आणतो" असं सांगून निघालो तेव्हा. विषय पाण्याच्या टाक्यांना लागणारा गंज. त्यात घाई करून चालत नाही.
उद्या दहाला भेटणार. ठरलं म्हणजे ठरलं.

४ सप्टेंबर, सकाळी १०.१०
जिना चढलो. सरांच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. आजारी माणसाला त्रास देऊ नये म्हणून परतलो. छातीत धडधड. जिने फार आहेत.

९ सप्टेंबर
सरांची ईमेल. विषय : "आहात ना?" उघडली नाही. प्रकरण पूर्ण झालं की सन्मानाने उघडीन. आधीच्या दोन तशाच सन्मानाने ठेवल्यात.
बायको म्हणाली, सर काय खाणार आहेत का तुला? म्हटलं, तुला संशोधन कळायचं नाही. चहा तसाच ठेवून उठलो. पित्त असावं.

१३ सप्टेंबर
ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, नव्या विद्यार्थ्यांसमोर बोलाल का? सगळ्यांत जुने तुम्हीच उरलात. शेवटी कुणाला तरी कदर! सव्वीसला भाषण. विषय मीच दिला, 'गाईडशी सुसंवाद'. सही सत्तावीसला.

१८ सप्टेंबर
भाषणाचे मुद्दे. गाईडला दर आठवड्याला भेटा. अर्धवट काम असलं तरी दाखवा. घाबरू नका.
एवढ्यात फोन. अनोळखी नंबर. फोन उशीखाली दाबला आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. कुरिअरवाला होता, असं बायकोने दाराबाहेरून सांगितलं.

२२ सप्टेंबर
खरं लिहायचं तर भीती वाटते. सर विचारतील, इतके दिवस काय केलंत? आणि माझ्याकडे उत्तर नसेल.
वरचा मजकूर खोडायचा आहे.

२६ सप्टेंबर, दुपारी ४
भाषण झकास. पोरं भराभर लिहून घेत होती. शेवटी टाळ्या. मागच्या रांगेत सगळ्यांत जोरात कोण वाजवतंय म्हणून बघितलं, तर सर! सर थेट माझ्याकडे आले, हात हातात घेतला. म्हणाले, फार मनापासून बोललात. माझ्या एका विद्यार्थ्याने हे ऐकायला हवं होतं, वर्ष झालं, पत्ता नाही. तुमचे गाईड कोण?
तोंडातून निघून गेलं, ते वारले.
सरांनी डोळे पुसले. कधी, म्हणाले. म्हटलं, चौदा महिने झाले. म्हणाले, काळजी करू नका, मी घेतो तुम्हाला. उद्या दहाला फॉर्म घेऊन या, त्यांच्या मृत्यूचा दाखलाही आणा.
एकंदरीत सुसंवाद साधला म्हणायचा.

२७ सप्टेंबर, सकाळी १०.०५
सरांच्या खोलीत. दाखला नंतर देतो म्हणालो. फॉर्म त्यांच्या हातात आहे. नुसतं बसवेना, म्हणून समोर बसून लिहितोय. त्यांना वाटतंय, मी मुद्दे टिपतोय. पहिल्या ओळीत विभाग, दुसरीत माझं नाव, तिसरीत गाईडचं. सरांनी चष्मा पुसला. पहिली ओळ वाचून झाली.