एकुलतं व्हायोलेट

पेर्म, हाडांचं इस्पितळ
१५ जानेवारी १९८४

ती. आईंना,
इन्नाचा सा. न. वि. वि.

गाय शेजारणीच्या हवाली करून एवढ्या थंडीत तुम्ही गावाहून आमच्या घरी, वेर्खनी लोगला येऊन पोचलात, हे वालेराच्या तारेने कळलं. जीव भांड्यात पडला. पाव आणायला गेले आणि दुकानाच्या पायरीवर बर्फावरून अशी आपटले की मांडीचं हाड मोडलं. आता पायाला वजन टांगून उताणी पडून आहे. मार्च अर्धा उलटल्याशिवाय घर दिसायचं नाही म्हणतात.

वालेराची मला काळजी नाही. आई आली की तो चार घास जास्तच जेवतो. काळजी आहे ती खिडकीतल्या व्हायोलेट्सची. तुमचा त्यांच्यावर राग आहे हे मला ठाऊक आहे. ज्या घरात व्हायोलेट त्या घरात नवरा टिकत नाही, हे तुम्ही आमच्या लग्नाच्या पंगतीतच माझ्या आईला ऐकवलं होतं. तरी आज तुमच्याशिवाय मला कुणी नाही.

झोपायच्या खोलीतल्या खिडकीत लाल दोरा बांधलेली कुंडी आहे, तेवढी तरी सांभाळा. ते रोप माझं स्वतःचं, मी संकर करून धरलेल्या बियांतून आलेलं. जगात तसं दुसरं नाही. गेल्या साली दुसरं रोप व्हावं म्हणून त्याचं एक पान लावून पाहिलं, तर कुजून गेलं. आता पहिल्यांदाच कळ्या धरल्यात आणि आठ मार्चला आपल्या तिथल्या संस्कृतिभवनात फुलांचं प्रदर्शन आहे. मागच्या वर्षी आमच्या फुलांच्या मंडळाच्या अध्यक्षा रोझा मार्कोव्ना सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या की घरबसल्या नव्या जाती घडवण्यापेक्षा मी काकड्या खारवाव्यात. ते अजून सलतं हो.

पाणी बशीत घालायचं, कोमट, वरून नाही. पानं भिजवायची नाहीत. कुंडी लहान वाटली तरी बदलायची नाही. एवढं कराल ना?

तुमच्या मायेची भुकेली,
इन्ना


वेर्खनी लोग
२२ जानेवारी

चि. सौ. इन्ना हिस,
ग्लाफिराचे अ. आ.

तुझं पत्र पोचलं. पाय मोडला तरी हुकूम सोडायला तोंड शाबूत आहे, हे वाचून बरं वाटलं. वालेरा ठीक आहे. आल्या दिवशीच त्याला विचारलं की बाबा, या फुलांपायी तुला घर सोडून जावंसं वाटतं का. तर म्हणतो, घर सोडीन ते तुझ्या कोबीच्या सूपमुळे! दोन वाट्या चाटूनपुसून खाल्ल्यावर म्हणतो. असा हा तुझा नवरा.

पण चेष्टा बाजूला ठेव. माझ्या बहिणीच्या, तास्याच्या खिडकीत दोनच कुंड्या होत्या, आणि तिचा दाल्ला गेला तो थेट देशाच्या पार टोकाला, साखालिन बेटावर. तू तर सगळी खिडकी भरून ठेवलीस, आणि तीही नवरा-बायकोच्या उशाशी! म्हणून मी सगळा बारदाना उचलून स्वयंपाकघरात नेला. फेकला नाही, हे माझे उपकार मान. लाल दोरेवालीही तिथेच आहे. इतकुशा डबड्यात कोंबलंयस बिचारीला, बघवत नाही. पण तू सांगितलंस म्हणून हात लावला नाही.

दूध पीत जा. हाड दुधाने सांधतं.

आशीर्वाद कमी पडणार नाहीत,
ग्लाफिरा


पेर्म
२७ जानेवारी

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

तुमच्या पाया पडते, पण स्वयंपाकघर नको! मासे तळताना तुम्ही खिडकीची वरची झडप उघडता, आणि बाहेरची हवा थेट त्यांच्या अंगावर येते. निदान लाल दोरेवाली कुंडी आतल्या टेबलावर ठेवा. वालेराला सांगून उपयोग नाही, त्याला व्हायोलेट आणि पानकोबी यांतला फरक कळत नाही.

इथे शेजारच्या खाटेवरच्या बाईला मी त्या फुलाचं इतकं सांगितलंय की तिलाही आता रोज सकाळी टपालाची वाट असते. आई, मला मूलबाळ नाही, तुम्ही त्याबद्दल कधी टोचून बोलला नाहीत, हे मी विसरलेले नाही. पण हाताने काहीतरी नवं घडवावं असं मलाही वाटतंच ना.

लगेच उत्तर द्या. जीव टांगणीला लागलाय.

तुमचीच,
इन्ना


वेर्खनी लोग
१ फेब्रुवारी

चि. सौ. इन्ना हिस,
अ. आ.

कसं लिहावं कळत नाही, म्हणून सरळच लिहिते. तुझं पत्र यायच्या आधीच्या शनिवारी घात झाला.

शनिवार म्हणजे न्हाण्याचा दिवस. वालेरा न्हाला, मी न्हाले. मग तुझ्या त्या केसाळ पानांवरची धूळ दिसली आणि मनात आलं, यांनी काय पाप केलंय? एकेक कुंडी उचलून टबात ठेवली, गरम पाण्याचा फवारा सोडला, चांगली वाफ दिली. गावाकडे आम्ही न्हाणीघरात लेकरं न्हाऊ घालतो तशी न्हाऊ घातली. चमकायला लागली गं! मग ती तशीच ओली खिडकीत ठेवली आणि वाफ जायला झडप उघडली. बाहेर शून्याखाली तीस.

दोनच दिवसांत पानं काचेसारखी पारदर्शक झाली आणि मग लिबलिबीत. बरीच गेली. लाल दोरेवालीच्या कळ्या गळाल्या आणि मधला गाभा काळा पडत चाललाय. तू पानं भिजवू नका म्हणून लिहिलं होतंस. मला वाटलं, आळशी बायका असंच सांगतात.

रागव. माझी हरकत नाही.

ग्लाफिरा


पेर्म
७ फेब्रुवारी

ती. आईंना,
सा. न.

तुमचं पत्र वाचून मी खूप रडले. अंगाचा तिळपापडही झाला, खोटं कशाला बोलू. तुम्ही मुद्दाम केलंत असं मी कधीच म्हणणार नाही. पण माझी सहा वर्षं त्या टबात गेली.

आता ते रोप फेकून द्या. मी परत येईन तेव्हा ती कुंडी मला दिसायला नको. रोझा मार्कोव्नांनी सांगितल्याप्रमाणे काकड्याच खारवीन म्हणते.

तब्येत जपा. वालेराला लोकरी मोजे द्या.

इन्ना


वेर्खनी लोग
१३ फेब्रुवारी

चि. सौ. इन्ना हिस,
अ. आ.

फेकणारी मी नव्हे! कान देऊन ऐक. माझ्या हातून आजवर वासरू गेलं नाही, कोंबडीचं पिल्लू गेलं नाही, आणि वीतभर रोपटं जाईल? ते मेलं तर तू जन्मभर गप्प राहशील आणि तुझं ते गप्प राहणं मला सोसायचं नाही. भांडलीस तर परवडेल.

कुजकं होतं ते सगळं धारदार चाकूने काढून टाकलं आणि वर चुलीतल्या कोळशाची पूड दाबली. खालची धडधाकट पानं तेवढी ठेवली. मग वालेराच्या लोणच्याची तीन लिटरची बरणी रिकामी करून त्यावर पालथी घातली, आम्ही थंडीत काकडीच्या रोपांवर घालतो तशी. लोणचं कुठे गेलं म्हणून तो बोंबलला, त्याला गप्प केलं. पाणी बशीत, कोमट, तुझ्या पत्राबरहुकूम. धूळ झटकायला वालेराचा दाढीचा ब्रश घेतलाय. तो हल्ली दाढी करत नाही, अस्वल दिसतो.

आणि हो, कुंडी पुन्हा झोपायच्या खोलीत नेली. स्वयंपाकघरात उजेड कमी. तुझा नवरा तिच्या शेजारीच घोरतो. जायचाच असेल तर जाईल, पण अस्वलाला घेणार कोण!

आज सकाळी बरणी उचलली तर एका पानाच्या बगलेत मोहरीएवढं काहीतरी दिसलं. वालेराला भिंग आणायला लावलं. कळी आहे! मी स्वयंपाकघरात जाऊन एप्रनने डोळे पुसले, म्हातारपणी लाज सोडून.

आता तोंड वाकडं करून पडू नकोस. दूध पी.

तुझी हट्टी सासू,
ग्लाफिरा


वेर्खनी लोग
९ मार्च

चि. सौ. इन्ना हिस,
शतशः अ. आ.

जिंकलीस! पहिलं बक्षीस! आधी एवढं वाच, हवं तर शेजारच्या बाईला मोठ्याने वाचून दाखव, आणि मग पुढे ये.

काल सकाळी कुंडीत पाच फुलं उमलली होती. काळ्या मनुकांच्या मुरंब्यासारखा रंग आणि कडेला पांढरी झालर, जणू कुणी दुधात बुडवून काढलंय. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि बस बंद. मी कुंडी पोटाशी धरली, वरून मेंढीच्या कातड्याचा कोट घट्ट बांधला आणि चालत निघाले. वालेरा पुढे बर्फ तुडवत वाट करत होता. रस्त्यात भेटलेल्या बायका माझ्या पोटाकडे बघून तोंडावर हात ठेवत होत्या. या वयात! बघू दिलं.

सभागृहात हवा गार होती, म्हणून मी कोट काढेना. दारावरची बाई म्हणाली, कोट काढल्याशिवाय आत जाता येणार नाही. मी म्हटलं, मग मी इथेच बसते, माझ्याशिवाय तुमचं प्रदर्शन चालवून दाखवा. शेवटी रोझा मार्कोव्ना स्वतः आल्या. त्यांच्यासमोर मी बटणं सोडली आणि कुंडी बाहेर काढली.  बाईंनी हळूच चष्मा चढवला. कार्डावर नाव काय लिहू म्हणाल्या. मी सांगितलं, इन्ना. म्हणाल्या, जातीला जरा काव्यमय नाव असतं. मी म्हटलं, लिहा, आणि ठळक लिहा. माझी सून काकड्याही उत्तम खारवते, तेही हवं तर खाली लिहा.

दुपारी निकाल सांगितला. पंचांत पेर्महून आलेला एक म्हातारा होता, त्याने टेबलासमोरून हलायचं नावच घेतलं नाही. बक्षीस घ्यायला वालेरा वर गेला आणि भोकाड पसरून रडला, दाढीसकट. माझी छाती अशी फुगली की कोटाचं वरचं बटण तुटलं.

घरी आल्यावर बघते तो खालच्या ओळीतली तीन पानं गायब! रडू नकोस, आधी ऐक. मागून घेतलेलं पान रुसतं आणि चोरलेलं हमखास लागतं, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. वाईट रोपाचं पान कुणी चोरत नाही. दीड महिना मला झोप नव्हती, की जगात हे एकच रोप आहे आणि ते माझ्या हातात आहे. आता उद्या ते माझ्या हातून पडलं तरी संपणार नाही. कुणाच्या ना कुणाच्या खिडकीत ते रुजत असेल.

एक पान कुणी नेलं मला माहीत नाही. दुसरं रोझा मार्कोव्नांच्या पर्समध्ये गेलं. त्यांनी नखाने देठ खुडताना मी डोळ्यांनी पाहिलं, आणि मुद्दाम पाठ फिरवून वालेराचा गळपट्टा नीट करत बसले. खुडू दे म्हटलं, नीट खुडू दे.

तिसऱ्याचं विचारू नकोस. ते गावाकडे माझ्या चुलीजवळच्या पेल्यात उभं राहणार आहे, आणि तू दिलंस म्हणालीस तर रुसेल. माझ्या घरात नर म्हणून एक कोंबडाच उरलाय. पळाला तर पळाला!

तू कुबड्या घेऊन का होईना, लवकर घरी ये. तुझ्यावरची माया आता माझ्याकडून आवरणार नाही.

तुझी आई,
ग्लाफिरा