मामंजींचा शिक्का

९ ऑक्टोबर १९६८
मामंजींनी सहीऐवजी मारायचा शिक्का लपवला! विचारलं तर म्हणतात, "कुठं ठेवला, आठवत नाही बाई." चाळीस वर्षांपूर्वीचा बर्फ आठवतो, शिक्का आठवत नाही! संग्रहालयाची माणसं २५ तारखेला संमतीपत्र न्यायला येणार. त्यावर शिक्का नसला तर ती दुसऱ्या कुणाचं तरी जुनं घर वाशावाशानं सुटं करून नेतील, संग्रहालयाच्या आवारात उभं करतील. आणि आपलं? मागच्या हिवाळ्यात छपराची मागची बाजू खचली. शाकारायला पूर्वी सगळं खोरं यायचं. आता गावात अकरा माणसं, त्यातली सात म्हातारी. हा हिवाळा घर काढणार नाही.

१४ ऑक्टोबर
संग्रहालयाच्या दोघांनी दिवसभर मापं घेतली, नकाशे काढले. माळ्यावर कुमाझो सुतार वाशावाशाला चिठ्ठी बांधतोय, परत जोडताना जागा कळावी म्हणून. खालून मामंजींचा आवाज — "हे घर इथलंच! उभं राहील तर इथं, पडेल तर इथं!"
पडेल तेव्हा खाली कोण असेल? तुम्हीच ना! जिभेवर आलं होतं, गिळलं. नवरा नागोयाहून लिहितो, 'तूच समजाव.' वा! बाप तुमचा, आणि समजवायचं मी!

१९ ऑक्टोबर
समोरच्या डोंगरावर बर्फ दिसला.

२१ ऑक्टोबर
शिक्का सापडला. खारवलेल्या सलगमाच्या पिंपात, दगडाखाली, फडक्यात गुंडाळलेला. तसाच ठेवला.

२२ ऑक्टोबर
उमटवला. मामंजी अंघोळीला गेले होते. घाईघाईनं दाबला. शिक्का परत पिंपात, कागद माझ्या पेटीत.
त्यांच्या भल्यासाठीच केलं. मग जेवण का जात नाही?

२४ ऑक्टोबर
सांधा कुजलाय का बघायला कुमाझोनं एक तुळई सैल केली. काजळी पुसली — आत सुतारांच्या दोन जोडखुणा! वेगवेगळ्या हातांच्या, एक खोडलेली. दुसरी तुळई पाहिली, तिथंही दोन. तिथंच शाईनं लिहिलेलं — 'वरच्या खोऱ्यातून, बर्फावरून ओढून आणले.'
कुमाझो ओरडलाच, "गिसाकूआजोबा, तुमचं घर आधी एकदा सुटं करून इथं आणलंय हो!"
एकोणऐंशी वर्षांचे मामंजी शिडी चढून वर आले. खुणांवरून बोट फिरवत राहिले. मग हसायलाच लागले. "अरे, हे घर म्हणजे सूनच की आपली! बाहेरून आणलेली! आणि मी मेला भांडतोय!" खाली उतरताना मला म्हणाले, "सूनबाई, उद्या कागद काढ. शिक्का मी माझ्या हातानं मारणार."
घर वाचलं. पण पेटीतल्या कागदावर शिक्का आधीच होता. दोन दिवस, फक्त दोन दिवस थांबायला काय झालं होतं मला!

२५ ऑक्टोबर
कागद दिला. दुसरं काय करणार? मामंजींनी बराच वेळ पाहिला. "तिरका आलाय," एवढंच म्हणाले. शेजारी आपला सरळ उमटवला, पुसला आणि शिक्का माझ्या हातावर ठेवला.
"ठेव तुझ्यापाशीच. तुलाच लागतो."