उभं झाड, आडवं झाड

पिंपळमळा, अवसरी बुद्रुक
ता. १९ सप्टेंबर, शनिवार

चि. सुदर्शन यास अक्काचा आशीर्वाद. भावजयीला आन पोरांनाबी. इकडं सगळी बरी हायेत. गाय व्याली, कालवड झाली. आता ऐक.

परवा फोनवर तू हसलास ते मला अजून पचलं नाय. मी काय चुकीचं विचारलं? तूच साता समुद्रापलीकडनं म्हणालास, नोव्हेंबरात आमच्या राज्यात गांजाचं मतदान हाय, मौजेसाठी ओढायला परवानगी द्यायची का नाय, आन मी 'द्या' म्हणून मत देणार. मी विचारलं, मग मताच्या कागदावर चित्र कसं काढलंय, उभं झाड आन आडवं झाड? तर एवढा हसलास की भावजय पळत आली. मग ती हसली. मग 'मीटिंग हाय अक्का' म्हणून फोन ठेवलास.

हसायचं काय त्यात? मे महिन्यात आमच्या हितं दारूच्या दुकानाचं मतदान झालं, फक्त बायांचं. कागदावर दोन बाटल्या. उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. पंधरा दिवस मी रिकामी बाटली हातात आडवी धरून घरोघर शिकवत फिरले. तरी लंकाबाई उभ्या बाटलीवर शिक्का मारून आली. का, तर म्हणे आडवी बाटली सांडती, आन सांडलेलं तिला बघवत नाय. नवऱ्याच्या दारूपायी जन्म गेला तिचा. तरी आमी जिंकलो. पण चित्र असून ही गत, मग तुमच्याकडं नुसतं लिवलेलं कसं चालतं? तू पाठवलेला फोटो समृद्धीनं वाचून दाखवला. आपल्या घरातली कालेजात जाणारी पोरगी, तीबी दोनदा अडखळली. माझ्यासारखी चौथी शिकलेली बाई तिथं कशाच्या आधारानं मत देती? का तिथं अशी बाईच नाय?

आन दुकान निघालं तर पाटीवर काय लिवणार? लोकं दिवसाढवळ्या रांगेत उभी राहणार? सासरा पुढं आन जावई मागं? तू म्हणतोस लोकं तशीबी ओढत्यात, कायद्यात आलं तर भेसळ थांबंल, सरकारला कर मिळंल. आमचा दारूवाला शब्दन् शब्द हेच बोलत व्हता. त्याला मी काय सुनावलं ते तुला लिवत नाय, तू भाऊ हायेस.

पण त्या 'मौजेसाठी' शब्दावर माझं गाडं अडलंय. समृद्धी म्हणती, औषधासाठी तिथं आधीच चालतं, आता भांडण मौजेचं हाय. म्हणजे झाड एकच. मग औषध कुठं संपतं आन मौज कुठं सुरू होती, हे कोण ठरवतं? डाक्टर का मतदान? मला हे उगा चौकशी म्हणून नाय विचारायचं.

इकडचं सांगते. बाटली आडवी केल्यापासून आमच्या मंडळाच्या बायांच्या अंगात वारं शिरलंय. मागल्या आठवड्यात सरूबाईनं बहिरूच्या खोपीमागं, झेंडूच्या आडोशाला, गांजाचं झाड बघितलं. बहिरू आठवतो ना, डोंगराकडनं आलेला, बाबांच्या वेळेपासून आपली गुरं राखणारा. सत्तरी उलटली त्याची, गायरानात खोप टाकून एकटा राहतो. सरूबाईनं विचारलं, कुणासाठी लावलंस? तो म्हणाला, "माझ्यासाठीच." आता दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव येणार, पोलिसात अर्ज द्यायचा आन त्याची खोप उठवायची. अनुमोदक सरूबाई. सूचक मी. मला न विचारता नाव घातलं, कारण बाटलीत मीच पुढं व्हते.

ते झाड बहिरूचं नाय, सुदर्शन.

म्हणजे लावलं त्यानं, पण माझ्या सांगण्यावरनं, गेल्या पावसाळ्यात. यंदाचं त्याच्याच सांडलेल्या बियाचं आपोआप आलं, ह्यानं उपटलं नाय. आईच्या हाडात गाठ उतरली तेव्हा दवाखान्याच्या गोळ्या तिच्या पोटात ठरत नव्हत्या, सगळं उलटून पडायचं. दिवसभर उशीचं टोक चावत पडायची. बहिरू म्हणाला, आमच्या डोंगराकडं म्हातारी माणसं गांजा गुळातनं घेत्यात. मी त्याला शिव्या घातल्या. आठ दिवसांनी मीच त्याच्या दारात गेले.

दिवाळीपासून रोज दुपारी गुळातली एक गोळी द्यायचे. आई जेवायला लागली. चटणी मागून घ्यायची, वर मलाच म्हणायची मीठ कमी हाय. आन हसायची. एकदा अंगणातला कोंबडा बघून म्हणाली, "रत्ने, हा अगदी तुझ्या मामासारखा चालतो गं." खरंच चालत व्हता. आमी दोघी हसलो, लई हसलो. दुखणं थांबावं म्हणून दिलं ते औषध, हे मला कळतं. पण हसली त्याचं काय? ते कशात धरायचं?

दहाव्याला तू विचारलंस, शेवटी आईला कसलं औषध चालू व्हतं, सगळी म्हणत्यात चेहरा लई शांत व्हता. मी सांगितलं, दवाखान्याचं. खोटं बोलले.

ते खोटं लहान हाय. मोठं आता लिवते.

संक्रांतीनंतर तू व्हिडिओ लावलास. तिकीट काढायच्या बेतात व्हतास. आईनं तुला, तू लहानपणी म्हशीवरनं शेणात पडलास ते सांगितलं, हसता हसता डोळं पुसत व्हती. तू म्हणालास, "अक्का, आई तर बरी दिसती की. मग मार्चात येतो, पोरांना सुट्टी हाय." मी तिच्या शेजारी बसले व्हते. गोळी देऊन तास झाला व्हता. ती कशानं हसती ते मला ठाऊक व्हतं, आन डाक्टरानं किती दिवस सांगितलेत तेबी ठाऊक व्हतं. मी म्हणले, "हो, ये मार्चात." कारण गांजाचं नाव तुझ्यासमोर काढायची लाज वाटली. आन ती एवढी हसत व्हती, तिच्या देखत कसं म्हणू की आजच नीघ? पुढं आई जाईपर्यंत फोन करायला सतरा दिवस व्हते, तेबी मी घालवले. तू आलास तेव्हा राख सावडून झाली व्हती.

सात महिने हे पोटात ठेवून मी नशेवर भाषणं ठोकली.

काल बहिरूकडं गेले. म्हणाला, "ताई, तुमी मधी पडू नका. माझं काय, जाईन डोंगरात परत." तिकडं कोण उरलंय त्याचं? भाऊ गेला, घर पडलं.

म्हणून मी ठरवलंय, ग्रामसभेत उभं राहायचं आन सांगायचं की झाड मी लावायला लावलं. सरूबाई गावभर वाजवंल, वाजवू दे. पोलिसांचं काय व्हायचं ते होऊ दे. पण कुणासाठी, असं विचारतील, तेव्हा आईचं, कुशाबाईचं, नाव घ्यावं लागंल. ती तुझीबी आई. आन तू हे गावाकडनं ऐकायच्या आधी माझ्याकडनं ऐकायचं. फोनवर मला जमलं नसतं. चार पानं हातानं लिवली, तुला मोबाईलवर पाठवायला फोटो मीच काढले, समृद्धीला हात लावू दिला नाय.

तुझ्या मताचं तुझं तू बघ. मी तिथं असते तर कुठं शिक्का मारला असता, मला अजून कळत नाय, आन हे मी पहिल्यांदाच कबूल करते.

मला दोन उत्तरं पायजेत. आईचं नाव घेऊ का नको. आन त्या दिवशी मी खरं बोलले असते, तर तू लगेच आला असतास का. दुसऱ्याचं उत्तर मला बरं वाटावं म्हणून देऊ नको. एक ऑक्टोबरला, आमच्याकडचा दिवस बुडायच्या आत. मोबाईलातला तो अंगठा पाठवून मोकळा होऊ नको. चार ओळी लिव.

रत्ना,
कुशाबाईची