बांगडीवर आळ

पुणे

तीर्थरूप आईस,

पूर्णिमाचा नमस्कार. मी ठणठणीत आहे, जेवणही वेळेवर होतं. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते.

दवाखान्यात लागणाऱ्या स्टीलच्या बारीक नळ्या आम्ही आतून गुळगुळीत करतो. आत बोट जात नाही, म्हणून लोखंडाची आणि घासणारी पूड मिसळून भरतो. बाहेरून चुंबक फिरवला की ती पूड त्याच्या ओढीने आतल्या आत नळी घासते. त्यात एखादा जाड कण गेला, तर ओरखडा ठरलेला.

खंडेनवमीला आमच्या सुपरवायझर समर्थ सरांनी मशीनची पूजा केली. पुडीचा डबा शेजारी उघडाच, आणि हे मूठ भरभरून गुलाबी रांगोळी घालतायत! दसऱ्याची सुट्टी संपवून कामाला लागलो, तर नळ्यांना आतून ओरखडे. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "बायका ठेवल्या की असंच. बांगडीची काच गेली असेल."

मी दोन्ही हात त्यांच्या नाकासमोर धरले. इथे लागल्यापासून कामावर मी बांगडी घातलेली नाही. मग डबा त्यांच्या टेबलावर उपडा केला. काळ्या पुडीत गुलाबी कण! तर म्हणे, "देवाचं काम होतं, त्यात चूक कसली?" वा! वर मलाच म्हणाले, "टेबल पुसून घ्या." नाही पुसलं.

तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना?

दिवाळीला येईन तेव्हा मोकळ्या हातांवरून तू सुरू होऊ नकोस. कामावर बांगड्या घातल्या असतील म्हणून ऐकायचं, घरी घातल्या नाहीत म्हणून ऐकायचं. मग मी हे हात ठेवू तरी कुठे?

तुझीच,
पूर्णिमा