मॅनेजरचं वजन

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

मॅनेजर आज अठरा किलो सहाशे भरला. राजनंदिनीने जांभळीच्या फांदीला ताणकाटा टांगला, बोकडाच्या पोटाखालून गोणपाटाची झोळी घातली आणि मला म्हणाली, "आई, आकडा मोठ्यांदा वाच." मी वाचला, तिने वहीत लिहिला. बोकड लोंबकळत आम्हा दोघींकडे बघत होता, जणू आमचंच काम तपासतोय.

नाव तिनेच ठेवलंय. सोनिया वन्सं जांब्याला दिल्या आहेत, त्यांचे मालक हिंजवडीत कंपनीत मॅनेजर. ही म्हणते, "हा पण स्वतः काही करत नाही. नुसता सगळ्यांच्या मागे फिरून बघतो." आत्याबाई ऐकून इतक्या हसल्या की ठसका लागला. जावई स्वतःचा, तरी हसल्या. सासू म्हणून त्यांचा धाक आहे, पण नातीपुढे विरघळतात.

सवंगडी गटाची ही शेळी आली त्याला वर्ष झालं. आपली सगळी जनावरं विकल्यावर दावण रिकामीच होती. पुण्याचे स्वानंद सर दर रविवारी वाडीत येतात, पोरांचा गट त्यांनीच बांधला. प्रत्येक पोराला एक शेळी. सांभाळायची त्याने, वजन-खाणं-औषध वहीत लिहायचं त्याने, सभाही पोरांनीच चालवायची. पहिलं मादी पिल्लू होईल ते पुढच्या पोराला द्यायचं. नर झाला तर तो त्या पोराचा. हिच्या शेळीला फेब्रुवारीत नर झाला.

नर झाला तेव्हा सगळे हसले. मी नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

इथं लिहिते. दुसरीकडे कुठं सांगणार.

दोन वर्षांपूर्वी ह्यांना डेंग्यू झाला. पेशी अकरा हजारांवर आल्या. डॉक्टर म्हणाले, रक्ताची सोय करा. भर दुपारी मी दवाखान्याच्या बाकावर बसले होते. शेजारी आत्याबाई भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून. मी पण डोळे मिटले आणि तोंडातून गेलं — म्हसोबा, ह्यांना उठव, तुला बोकड देईन.

गळ्यात तुळशीची माळ. सोळा वर्षं झाली घालून. घरात मटण शिजायचं तर चूल बाहेर मांडतात माझ्यासाठी. चैत्रात आत्याबाई माले गावाला त्यांच्या माहेरच्या म्हसोबाच्या जत्रेला जातात, तेव्हा मी घोटावड्याला माझ्या आईकडे जाते, तो वाससुद्धा नको म्हणून. आणि त्याच तोंडाने मी देवाला जीव कबूल केला.

तिसऱ्या दिवशी हे उठून बसले.

कुणालाच सांगितलं नाही. लाज वाटली. बोकड विकत घ्यायचा तर बारा हजार, म्हणून म्हटलं, पुढेमागे घरच्या दावणीला होईल तेव्हा देऊ. देवाशी पण काटकसर केली मी. आता तो घरच्या दावणीला झालाय, आणि माझ्या लेकीच्या वहीत त्याचं नाव आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

समाजमंदिरात गटाची सभा. आईबापांना मागे बसायची परवानगी होती, बोलायची नाही.

पाहुणे आले की कोठीत जाऊन बसणारी ही पोरगी आज अकरा पोरांपुढे उभी राहिली. विषय मॅनेजरचाच. निषाद म्हणाला, "विकून टाक. चांगला भाव आहे." ही म्हणाली, "विकला तर एकदाच पैसे. ठेवला तर आपल्या सगळ्यांच्या शेळ्यांना लावता येईल. बाहेर बोकडाला किती धावपळ करतो आपण? तुझी शेळी गेल्या वेळी पौडपर्यंत कुणी नेली? तुझ्या पप्पांनी, सुट्टी टाकून." पोरं हसली. निषादपण हसला.

दुकानवाल्या कमरुद्दीनभाईंची जस्मीन हिची जिवलग, तिने आधी हात वर केला. मग सगळ्यांनी. ठराव झाला — चौदा डिसेंबरला पौडच्या प्रदर्शनात मॅनेजर दाखवायचा आणि मग तो गटाचा बोकड, राहणार आमच्याकडे. त्याच सभेत हिला अध्यक्ष केलं.

घरी येताना वाटेत म्हणाली, "आई, माझे पाय थरथरत होते. कुणाला दिसलं का?"

नाही म्हटलं. माझे थरथरत होते ते पण कुणाला दिसले नाहीत.

५ ऑक्टोबर, रविवार

वीस किलो शंभर.

वही तपासली. मी घरचा हिशेब लिहिते तशी लिहिते पोरगी, आकड्याखाली आकडा. फक्त शेवटचा एक रकाना मोकळा. तिला नेहमी सांगते, रकाना रिकामा सोडायचा नाही, नसेल काही तर आडवी रेघ मार. बघितलं तर वर छापलेलं — जनावर गेल्यास कारण.

"ह्यात रेघ मार," म्हटलं.

"रेघ कशाला? तो कुठं जाणार नाहीये."

मी आग्रह केला नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आत्याबाई जांब्याला गेल्या. सोनिया वन्संचे दिवस भरलेत. जाताना पिशवी बोकडाने ओढली, तर त्यालाच म्हणाल्या, "चल की मग. तितं तुज्यासारकाच एक हाय, दोगं बसा खुर्चीवर." मग मला, "महिना सव्वा महिना लागंल. पोरीकडं ध्यान दे. आनि सवताकडं बी, लई वाळलीस."

२ नोव्हेंबर, रविवार

एकादशी. हरिपाठ झाला. पांडुरंगापुढे बसले की म्हसोबा आठवतो. ह्याला काय माळकरी म्हणायचं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ह्यांना काल कामावरून आल्यापासून ताप. डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणतात. मागच्या वेळीही असंच म्हणाले होते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पिरंगुटला दवाखान्यात ठेवलं. पेशी बावन्न हजार.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

एकोणीस हजार.

आत्याबाईंचा फोन आला. "मी येऊ का?" म्हटलं नको, बाळ दहा दिवसांचं आहे, तिथंच राहा. त्या म्हणाल्या, "घाबरू नगं. मागल्या खेपंला उटला, आता बी उटंल." जिभेवर आलं होतं — आत्याबाई, मी तेव्हा नवस बोलले होते हो, फेडला नाही. नाही निघालं. फोन ठेवला.

ह्यांना सांगावं तर डोळे उघडत नाहीत.

परवा अमावस्या.

माळ काढून ठेवावी असं मनात आलं. काढली नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

झालं.

राजनंदिनी शाळेत गेली. म्हसू भावजींना, ह्यांच्या चुलतभावाला, टेम्पो घेऊन बोलावलं होतं. त्यांनी दावणीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पोरीला इचारलं का?"

"संध्याकाळी सांगते."

"वैनी, ती गटाची पुढारी हाय. समदी पोरं दारात येतील."

"तुमचा भाऊ तिकडे पडलाय, भावजी."

मग त्यांनी टेम्पोची फळी खाली केली.

मालेच्या डोंगराला टेम्पो खाली लावावा लागतो, वर पायवाट आहे. दोरी आणली होती, लागलीच नाही. मॅनेजर माझ्या मागे मागे आला. मी थांबले की थांबायचा, वाटेकडेचा एखादा शेंडा खुडायचा, मी निघाले की निघायचा. एकदा पदर ओढला.

वर देवाचं बघणारा नथू होता. हळदकुंकू लावता लावता म्हणाला, "तुमचं घर देवाला धरून हाय. मागं बी आलं, आता बी आलं." जत्रेचे नारळ म्हणत असेल. मी मान हलवली. मी वाटेकडे तोंड करून उभी राहिले आणि नाम घ्यायला लागले. तोंडाने विठ्ठल म्हणत होते. तो एकदाच ओरडला.

वाटा घेतला नाही. तिथेच द्यायला सांगितलं.

पाच वाजता ही शाळेतून आली, येताना शेवरीचा पाला घेऊन. "आई, मॅनेजर कुठाय?"

सांगितलं. नवस केव्हा बोलले, कशासाठी बोलले, सगळं. ती ऐकत उभी राहिली. हातातला पाला तसाच. मग दावणीशी गेली, शेळीपुढे निम्मा टाकला. उरलेला निम्मा रोजच्या खुंटीला बांधला.

रडली असती तर बरं झालं असतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पेशी चव्वेचाळीस हजार. देव पावला. लिहिते आहे, पण हलकं वाटत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

ह्यांना घरी आणलं. गटाचा वार. राजनंदिनी गेली नाही. अकराच्या सुमाराला स्वानंद सर आणि जस्मीन घरी आले.

सर मोठ्या मनाचे. म्हणाले, "काकू, तुमच्यावर काय वेळ आली होती ते कळतं मला. पण सांगितलं असतंत तर आम्ही सगळ्यांनी मिळून दुसरा आणला असता. पोरांनी पैसे काढले असते."

हे मला सुचलंच नव्हतं. पोरांना विचारायचं असतं हेच सुचलं नाही. पोरं सभा घेतात, ठराव करतात, मी मागे बसून ऐकते आणि घरी येऊन विसरते.

जस्मीन दाराला टेकून उभी होती. म्हणाली, "काकी, आमच्यात पण देतात. पण घरात सगळ्यांना आधीपासून माहीत असतं. माझा छोटा भाऊ तर आधीच रडून घेतो." सर म्हणाले, "जस्मीन." ती म्हणाली, "खरं तेच बोलतेय, सर."

हे आतून ऐकत होते. सगळे गेल्यावर म्हणाले, "माझ्यासाठी केलंस?"

"मग कुणासाठी?"

"मला इचारायचं व्हतंस. आता मी त्या पोरीपुढं कोणत्या तोंडानं जेवायला बसू?" आणि कुशीवर वळले.

३० नोव्हेंबर, रविवार

राजनंदिनी आज गटात गेली आणि अर्ध्या तासात परत आली. सरांना चिठ्ठी देऊन आली. कच्चा कागद वहीत राहिलाय, मी वाचला. 'सर्वांनी ठरवलेली गोष्ट मला माझ्या घरात सांभाळता आली नाही. म्हणून मी अध्यक्षपद सोडत आहे.'

एकही चूक नाही. अक्षर सरळ.

सर म्हणाले म्हणे, चिठ्ठी माझ्याकडे राहू दे, पण वही प्रदर्शनात ठेवायची, गेलेल्या जनावराची वहीसुद्धा ठेवतात. प्रदर्शनाच्या आदल्या शनिवारपर्यंत पूर्ण करून दे.

माझ्याशी बोलते. पाणी भरलं. दळण आणलं. पप्पांची गोळी दिली. एवढंच बोलते.

पाहुणी आली होती आज, तर कोठीत जाऊन बसली.

४ डिसेंबर, गुरुवार

वही चार दिवस फडताळात पडून आहे. तिने हात लावला नाही. शेवटची नोंद सोळा नोव्हेंबर, तेवीस किलो दोनशे. शेवटचा रकाना मोकळा.

दुपारी मी बसले आणि माझ्या हाताने लिहिलं — देवाचं देणं होतं, ते दिलं.

संध्याकाळी तिने बघितलं. "तुझं अक्षर आहे," म्हणाली.

"तुला लिहायचं असेल तर खोडते."

"राहू दे. कारण तुझंच आहे."

७ डिसेंबर, रविवार

आत्याबाई आल्या. रिक्षातून उतरल्या उतरल्या दावणीकडे बघून हाक मारली, "कुटं हाय माजा मॅनेजर? म्हातारी आली की रं."

मी सांगितलं. पायरीवरच बसल्या. चहा दिला, तो निवला तरी हात लावला नाही.

"कुनाला इचारलंस?"

"कुणाला नाही."

"मला फोन आलता तुजा. दवाखान्यातले नऊ दिस, एका दिसाला दोन डाव. बोलली न्हाईस."

"लाज वाटली, आत्याबाई. माळ आहे गळ्यात."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. जेवल्या नाहीत. मला वाटलं, नातीसाठी जीव तुटतोय.

९ डिसेंबर, मंगळवार

आत्याबाई आज बोलल्या. शेळीची धार काढता काढता, माझ्याकडे न बघता.

"तुजा नवस मी तवाच फेडलाय. फुडच्या चैतात, जत्रंला, तू आईकडं गेलतीस तवा. नथूच्या हातनं. दवाखान्यात मी जागीच व्हते गं, समदं ऐकलं. तू माळकरी, तुला कशाला लाजवायचं, म्हनून गप ऱ्हायले."

वहीतलं माझं वाक्य खोडलं. शनिवारी वही द्यायची आहे आणि त्या रकान्यात काय लिहायचं ते मला येत नाही.

पाच वाजत आले. राजनंदिनी येईल आता.