एलादिओ जेवतो कुठे?

लोइसा, ६ मार्च १९५५

प्रिय एलादिओदादास,
नेरेइदाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आपल्या बेटावरून त्या बेसबॉल संघात गेलेला तू पहिलाच, म्हणून मी ते अख्ख्या वर्गाला वाचून दाखवलं. पोरं आता तुझ्यासारखी टोपी तिरकी घालून चेंडू अडवतात. अडवतात कसले, सोडतातच!

पण आईला तुझा संशय येतोय. फोटोत तुझा पट्टा पार आत ओढलाय, असं तिचं म्हणणं. 'संघाबरोबर मजेत जेवतो' एवढंच तू लिहितोस. ओल्या तुरीच्या भातावर आडवा हात मारणारा माणूस जेवणाबद्दल गप्प बसतो, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. शेजारच्या तोमासाबाई म्हणाल्या, पोराला सोनेरी केसांची कुणी भेटली असेल, प्रेमात भूक मरते. त्यावर आई म्हणाली, तुमच्या नवऱ्याची तर लग्नानंतर मेली!

तर आईने एकच विचारलंय. कुणी जेवत असलं आणि आपण जवळून गेलो, की आपण 'प्रोवेचो' म्हणतो, अन्न अंगी लागो म्हणून. तिकडचे लोक काय म्हणतात?

लोभ आहेच. खरं लिहिलंस तर वाढेल.
तुझी नेरेइदा

फ्लोरिडा, १४ मार्च

चि. नेरेइदास अनेक आशीर्वाद.

काल उजव्या कोपऱ्यातून थेट तिसऱ्या तळावर चेंडू फेकला. गडी बाद झाला आणि मैदान उठून उभं राहिलं. इथं हवा छान आहे. मोज्यांना भोकं पडलीत, तोमासाबाईंना सांग, सोनेरी केसांची कुणी असती तर तिने ती शिवली असती.

आईचा प्रश्न वाचला. इथं सगळे घाईत जेवतात, त्यामुळे लक्षात आलं नाही. विचारून कळवतो. आईने उगाच काळजी करू नये.

तुझा दादा

लोइसा, २२ मार्च

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऐकून आईने हातातला भाताचा डाव खाली ठेवला. रोज माणसांत बसून जेवणाऱ्याला हे विचारून कळवावं लागतं, म्हणजे तो आत बसतच नाही, असं ती म्हणाली.

मग दुकानदार क्रिस्पीन आले. सैन्यात असताना ते तिकडे होते. आपल्या रंगाच्या माणसाला तिथं हॉटेलात पुढच्या दारातून घेत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. खरं का रे? आपल्याकडे जेवणाच्या वेळी खेकडेवाला आला तरी त्याला बसवतात.

आईने रात्री लिहायला सांगितलं, की परत ये. सकाळी म्हणाली, येऊ नको. दोन्ही लिही म्हणाली, म्हणून लिहिलंय.

मला तुझा राग आलाय. तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी नेरेइदा

फ्लोरिडा, २ एप्रिल

ती. आईस साष्टांग नमस्कार, चि. नेरेइदास आशीर्वाद.

खरं आहे. संघ हॉटेलात जेवतो, मी आणि संघातला दुसरा काळा गडी रूफस बसमध्ये बसतो. कुणीतरी खिडकीतून ताट देतं. मी ते खाल्लं, आई, आणि तुला लिहायची लाज वाटली.

तुमचं पत्र आल्यावर ताट घेणं बंद केलं. आम्ही दोघं आपला पाव घेऊन हॉटेलच्या दारात उभे राहायला लागलो. जो जेवून बाहेर येई, त्याला मी मोठ्याने 'प्रोवेचो' म्हणायचो. रोज, प्रत्येकाला. आत जेवलेल्या दोघांची पोटं बिघडली, तेव्हा हॉटेलच्या मॅनेजरला संशय आला, की मी करणी करतोय! त्याने दरडावून विचारलं. मी सांगितलं, हा आशीर्वाद आहे. जेवणाऱ्याने समोरच्याला बोलवायचं आणि समोरच्याने हे म्हणायचं. माझी बाजू मी पाळतोय. तो आत निघून गेला.

काल आमच्या संघातला तिसऱ्या तळावरचा गोरा वॉल्टर आपलं ताट घेऊन बाहेर आला, पायरीवर आमच्याजवळ बसला. मी पावाचा घास घेतला, तेव्हा तो वेड्यावाकड्या उच्चारात 'प्रोवेचो' म्हणाला.

तर आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. इथले लोक काहीच म्हणत नाहीत. काल एकजण म्हणाला.

राहू की येऊ? तू सांगशील तसं.
तुझा एलादिओ

लोइसा, ११ एप्रिल

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

आईने पत्र पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. वॉल्टर नावाचा खरंच कुणी आहे ना, असं तिने दोनदा विचारलं. मग डोळे पुसून तिने निरोप सांगितला, की एकच म्हणाला ना, मग अजून तिथंच दारात उभा राहा. पण उपाशी नको.

तुझी नेरेइदा